सुई नवी आहे, पण शाईचं काय?

मी रक्तपेढीत टेक्निशियन आहे. कॉलेजच्या शिबिरात दंडावर ताजा टॅटू दिसला की त्या मुलाला परत पाठवावं लागतं; टॅटूनंतर १२ महिने रक्त घ्यायचं नाही असा नियमच आहे. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात, आणि लागण झाल्या झाल्या तपासणीत सापडतीलच असं नाही. पोरं हिरमुसतात. टॅटू काढूच नका असं मी म्हणत नाही, पण काढायचाच तर नीट काढा.

आधी हिपॅटायटिस बीची लस. लहानपणी मिळालीच असेल असं धरून चालू नका. सरकारी लसीकरणात ती देशभर पोचायला २०११ उजाडलं. तीन डोस असतात, तिसरा सहाव्या महिन्यात. जत्रेच्या आदल्या आठवड्यात आठवून उपयोग नाही.

सुईचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा. पण खरी मेख शाईत आहे. सुई बदलतात आणि शाई ओतायची ती इवलीशी टोपीसारखी वाटी मात्र तीच ठेवतात. आधीच्या माणसाचं रक्त लागलेली सुई त्यात बुडालेली असते, तुमची कोरी सुईही तिथेच बुडते. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरतो. म्हणून शाई नव्या टोपीत ओतून घ्या, उरलेली फेकायला सांगा. मध्येच टॅटू काढणाऱ्याने मोबाइल उचलला तर ग्लोव्हज बदलायला लावा, भीड बाळगू नका. जत्रेत रांगेने बसवतात, तिथे यातलं काहीच होत नाही. तिथे बसूच नका.

कान टोचतानाही हीच काळजी घ्या. टोचलेली पाळी साधारण दोन महिन्यांत भरते. वरच्या कूर्चेला, म्हणजे कानाच्या टणक भागाला, मात्र सहा महिने ते वर्ष लागतं, कारण तिथे रक्त कमी पोचतं. पू झाला तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. तिथे कान टोचायची गन लावू देऊ नका. दाबाने कूर्चा चेंगरते, आणि प्लास्टिकची गन ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाने जंतू मारणाऱ्या यंत्रात) घालता येत नाही, नुसती स्पिरिटने पुसतात.

आजी मायेने हळद-तेल लावायला सांगेल. जखम भरेपर्यंत नको. नॉर्मल सलाईनने (निर्जंतुक मिठाच्या पाण्याने) दिवसातून दोनदा पुसा. लाली पसरली किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जा. दागिना स्वतःहून काढू नका, भोक मिटून पू आत कोंडतो.

वापरलेली सुई लागल्याचं नंतर कळलं, तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या ७२ तासांच्या आतच सुरू कराव्या लागतात. तिथल्या आयसीटीसी केंद्रात (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) तपासणी मोफत होते, नाव गुप्त राहतं.