झोताच्या कडा सॉफ्ट करताना या चुका टाळा

दादरचे शिवाजी मंदिर असो की पार्ल्याचे दीनानाथ, दुपारचा प्रयोग उतरल्यापासून रात्रीची तिसरी घंटा होईपर्यंत प्रकाशयोजनेच्या हाती फार थोडा वेळ लागतो, आणि त्या घाईत झोताच्या कडांचे काम बहुधा "फ्रॉस्ट टाका" (म्हणजे दिव्यापुढे उजेड पसरवणारा धूसर प्लास्टिकचा फिल्टर लावा) एवढ्या एका सूचनेवर उरकले जाते. पुढे प्रयोगात नट सोफ्याकडून दाराकडे जाताना त्याच्या चेहऱ्यावर काळा पट्टा येतो किंवा रंगमंचाच्या दर्शनी कमानीवर नको तो उजेड सांडतो, तेव्हा दोष दिव्याला दिला जातो. दिवा मात्र बहुतेक वेळा निर्दोष असतो.

पहिली चूक म्हणजे कड आधी शार्प न करताच ती सॉफ्ट करू लागणे. प्रोफाइल स्पॉट, म्हणजे झोताला नेमका आकार देता येणाऱ्या दिव्यामध्ये शटर (झोत कापणाऱ्या पट्ट्या), आयरिस (झोताचे वर्तुळ लहानमोठे करणारी झडप) आणि गोबो (आकृती कोरलेली चकती) जिथे बसतात, त्या जागेची प्रतिमा भिंग रंगमंचावर पाडते; भिंगाची नळी नेमक्या जागेपासून पुढे किंवा मागे सरकवली की कड विरघळते. मात्र दोन्ही दिशांचा परिणाम सारखा नसतो. एकीकडे सरकवल्यास कडेला निळसर झाक येते, दुसरीकडे सरकवल्यास तांबूस. पांढऱ्या सायकवर (मंचामागच्या मोठ्या पडद्यावर) किंवा नटाच्या पांढऱ्या सदऱ्यावर ही झाक स्पष्ट दिसते, म्हणून दोन्ही बाजूंनी पाहून मगच निवड करावी. चेहऱ्यावर तांबूस कड फारशी खटकत नाही, असे माझे मत आहे. अनेक दिव्यांत चारही शटर एका पातळीत नसतात, त्यामुळे एक कड शार्प आणि दुसरी किंचित धूसर दिसली तर दिवा बिघडला असे समजू नये.

गोबो लावलेला असेल तर नळी सरकवताना आकृतीही पुसट होते, हे लक्षात ठेवावे.

फ्रॉस्टची निवड हा यापुढचा प्रश्न. ली कंपनीचा २१६ क्रमांकाचा व्हाइट डिफ्युजन हा फ्रॉस्ट जाड आहे; तो सुमारे एक तृतीयांशच उजेड पुढे जाऊ देतो, शटरने दिलेला आकार जवळजवळ नाहीसा करतो आणि उरलेला उजेड कमानीवर, विंगेवर, पहिल्या रांगेवर पसरवतो. झोताचा आकार राखून केवळ कड सैल करायची असेल तर २५३ हॅम्पशायर फ्रॉस्टसारखा हलका फ्रॉस्ट पुरतो. दिव्यापुढच्या फ्रेममध्ये अर्धाच फ्रॉस्ट लावला की अर्धीच कड सॉफ्ट होईल, असेही गृहीत धरू नये, कारण भिंगाचा प्रत्येक भाग जवळपास संपूर्ण प्रतिमेला हातभार लावत असतो. परिणाम मंचावर पाहूनच ठरवावा.

एकांकिका स्पर्धांच्या दिवसांत फ्रॉस्टऐवजी बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपर चिकटवण्याची सवय सोडावी, अशी कळकळीची विनंती आहे. हजार वॉटच्या हॅलोजनसमोर तो कागद करपतो, पेट घेऊ शकतो, आणि खाली कापडी विंगा व लाकडी सेट असतो.

फ्रेनेल, म्हणजे खाचदार भिंगाच्या दिव्याबाबतची चूक नेमकी उलटी असते. त्याची कड मुळातच सॉफ्ट असल्यामुळे बार्नडोर (दिव्यापुढची धातूची झापे) कितीही मिटवले तरी धारदार रेषा मिळत नाही; दाराच्या चौकटीएवढाच उजेड हवा असेल तर तिथे प्रोफाइलच लावावा. दिव्यातला बल्ब भिंगाजवळ आणला की झोत पसरतो, मागे नेला की आवळला जातो.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे कडा जमिनीवर पाहून ठरवणे. समोरचा दिवा ४५ अंशांनी येत असेल, तर पाच फुटांवरच्या चेहऱ्यावर पडणारा उजेड जमिनीवर त्याच्यामागे सुमारे पाच फुटांवर पोहोचतो. म्हणजे जमिनीवरच्या सुंदर वर्तुळाच्या मधोमध उभ्या असलेल्या नटाचा चेहरा झोताच्या कडेवर किंवा बाहेरच असू शकतो. म्हणून वर्किंग लाइट (कामापुरते लावलेले साधे दिवे) बंद करून, दिवे प्रयोगातल्या त्या क्यूला, म्हणजे प्रकाशबदलाला असतील तेवढ्याच पातळीवर ठेवून, कोणाला तरी एका जागेवरून दुसरीकडे सावकाश चालायला सांगावे आणि आपण प्रेक्षागृहात बसून त्याच्या कपाळाकडे व नाकाकडे पाहावे. जिथे चेहरा विझतो तिथे आणखी फ्रॉस्ट टाकण्याऐवजी शेजारचे दोन्ही झोत एकमेकांकडे सरकवावेत, कारण सॉफ्ट कडेचा उजेड हळूहळू ओसरत जातो आणि दोन ओसरते पट्टे एकमेकांवर चढले तरच मधली उणीव भरून निघते.

हे सारे करूनही झोत मळकट दिसत असेल तर भिंग तपासावे. मुंबईच्या दमट हवेत धूळ भिंगाला चिकटून बसते, आणि तिच्यामुळे येणारा धूसरपणा ना आकार राखतो ना हवा तसा आवरता येतो. दिवा बंद करून, पूर्ण थंड झाल्यावरच मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने भिंग पुसावे. झोताच्या मध्यभागी काळसर डाग असेल तर बल्ब नीट जागेवर बसलेला नाही, हे समजून तो आधी जुळवावा. शेवटी नळीचा स्क्रू घट्ट आवळून तिच्या जागी पेन्सिलीने खूण करावी. खाली तोंड केलेल्या दिव्याची सैल नळी आपल्याच वजनाने घसरते आणि पहिल्या अंकातली कड दुसऱ्या अंकात तशी राहत नाही.