पाळलेला भेक नीट खात नाही? आधी त्याची झडप बघा

समोर किडा असून भेकाने (म्हणजे टोडने, खरखरीत कातडीच्या बेडकाने) ढुंकूनही पाहिलं नाही, की ‘भूक नसेल’ म्हणून आपण मोकळे होतो. पण न खाण्याचेही प्रकार असतात.

१. खाद्य हलतंय का? बहुतेक भेकांच्या लेखी जे हलत नाही ते खाद्यच नव्हे. १९७०च्या दशकात जर्मनीत योर्ग-पेटर एवर्ट यांनी भेकांपुढे पुठ्ठ्याच्या पट्ट्या फिरवून पाहिल्या. पट्टी अळीसारखी लांबीच्या दिशेने सरकली की भेक तिच्यावर तुटून पडे. तीच पट्टी उभी धरून सरकवली की ढिम्म. म्हणून मेलेली अळी चिमट्यात धरून जमिनीलगत आडवी सरकवा, डोक्यावर नाचवू नका. (केन टोड या जातीच्या भेकाची बात वेगळी, तो कुत्र्याच्या ताटलीतलं खाणंही फस्त करतो.)

२. उगाच घाबरू नका. शिकार दिसताच मागच्या पायाचं बोट थरथरणं, गिळताना डोळे आत ओढले जाणं, स्वतःची कात पुढच्या पायांनी तोंडात कोंबून खाणं, हे सगळं नेहमीचंच.

३. किडा जिभेला चिकटतो का? हे मात्र बारकाईनं बघा. भेकाची जीभ पुढच्या बाजूला जबड्याला जोडलेली असते. ती उलटी बाहेर फेकली जाते आणि किडा चिकटवून आणते. भेक उत्साहानं झडप घालतोय, नेमही बरोबर आहे, तरी रातकिडा दरवेळी सुटतोय, तर भुकेत खोट नाही. अ जीवनसत्त्व कमी पडलं की जिभेतल्या चिकट स्राव करणाऱ्या ग्रंथी बिघडतात. अमेरिकेत प्रजननासाठी पाळलेल्या ‘वायोमिंग’ जातीच्या भेकांमध्ये हा आजार चांगलाच गाजला. उभयचरांची माहिती असलेल्या पशुवैद्याला दाखवा. औषध मनानं देऊ नका, कारण हे जीवनसत्त्व जास्त झालं तरी बाधतं.

४. झडपच घालत नाही? तापमान तपासा, गारठ्यात भेक मंदावतो. पोट फुगलंय का तेही बघा. बारीक खडीवर खायला घातलं तर किड्यासोबत खडेही पोटात जातात.

५. बागेतला दिसेल तो भुंगा टाकू नका. जपानमधल्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात भेकांनी गिळलेल्या बॉम्बार्डियर भुंग्यांनी पोटातच गरम रसायनाचा फवारा मारला. बऱ्याच भेकांना ते ओकावे लागले, आणि काही भुंगे तर तासाभरानंतरही जिवंत बाहेर पडले.