ब्रेकचा कॅलिपर उघडलाय? मल्टीपर्पज ग्रीसचा डबा लांब ठेवा

कॅलिपर म्हणजे डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग. त्यातले सील बहुधा ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. साधं ग्रीस, इंजिन ऑइल किंवा रॉकेल लागलं की ते फुगतात, पिस्टन अडकतो आणि ब्रेक नीट सुटत नाही. म्हणून सील आणि पिस्टन बसवताना नव्या बाटलीतलं, गाडीला चालणारं ब्रेक ऑइल बोटाने लावा. कोणत्या प्रकारचं, डॉट ३ की डॉट ४, ते ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. लाल रबर ग्रीसही चालेल, पण अगदी पातळ थर. स्लाइड पिनला, म्हणजे कॅलिपर ज्यावर सरकतो त्या पिनला, मात्र सिलिकॉन ग्रीसच, तिथे ब्रेक ऑइल टिकत नाही. कॉपर ग्रीस? हौसच असेल तर पॅडच्या पाठीला, रबरापासून दूर. आणि हो, गॅरेजात पार्ट सर्रास पेट्रोलमध्ये बुडवतात, ते करू देऊ नका. धातूचे भाग ब्रेक क्लीनरने धुवा, सील फक्त ब्रेक ऑइलने.