नाशिकच्या थंडीत, मळ्यातलं छोटं लग्न कसं करावं

माझ्या मामेबहिणीचं लग्न आम्ही गिरणाऱ्याकडच्या एका मळ्यात लावलं. डिसेंबर महिना, साठ माणसं, गोरज मुहूर्त. फोटो झकास आले. पण पंगत बसेपर्यंत आठ वाजले होते. आज्या-मावश्यांच्या पैठण्यांवर गाडीतून काढलेल्या चादरी होत्या आणि वाढप्याच्या हातातल्या तुपाच्या भांड्यात पळी उभी राहत होती. तेव्हापासून कुणी मळ्यात लग्न करायचं म्हटलं की माझा पहिला प्रश्न एकच असतो: किती वाजता?

वेळ आधी, बाकी सगळं नंतर

डिसेंबर-जानेवारीत नाशिकला पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, निफाडकडे त्याहून खाली. दुपारी तोच पारा सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत जातो. सूर्य सहाच्या सुमारास मावळला की अर्ध्या तासात मळ्यात हुडहुडी भरते, कारण आजूबाजूला पाणी दिलेली ओली जमीन असते. म्हणून गुरुजींकडे मुहूर्त मागतानाच ‘साडेबाराच्या आतला’ असं सांगा. पाहुणे दहाला, अक्षता साडेअकरा-बाराला, जेवण एकला, पाठवणी चारला. गोरज मुहूर्ताचा मोह होतो, मला मान्य आहे. तो मे महिन्यासाठी ठेवा.

तारखेचं गणित सोपं आहे. तुळशीची लग्नं लागली की मुहूर्त सुरू होतात, पौषात बहुतेक घरांत लग्न करत नाहीत. उरतो मार्गशीर्ष, नाहीतर माघ. माघात द्राक्षबागेत काढणी सुरू असते आणि व्यापाऱ्यांच्या गाड्या दारात उभ्या असतात. अशा वेळी मळेवाला मांडवाला हो म्हणाला, तरी त्याचं लक्ष तुमच्याकडे नसणार. मार्गशीर्ष बरा. रविवार मात्र टाळा. गंगापूर रोडला वाइनरीकडे जाणाऱ्यांची आणि त्र्यंबक रोडला देवदर्शनाची गर्दी असते, वऱ्हाड त्यातच अडकतं.

नोंदणी पद्धतीने लग्न करायचं असेल, तर विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही, तर ती पुन्हा द्यावी लागते.

सत्तर म्हणजे सत्तर

आपल्याकडे ‘छोटं लग्न’ म्हणजे तीनशे पानं. खरंच छोटं, म्हणजे सत्तर माणसांतलं करायचं असेल तर पत्रिका छापूच नका. छापली की गठ्ठा उरतो, उरला की वडील तो वाटून येतात. फोनवर बोलवा. भावकीसाठी नंतर एखाद्या संध्याकाळी घरी सत्यनारायण आणि चहा-चिवडा ठेवा, म्हणजे रुसवे निम्मे होतात. निम्मेच.

जागा बघताना विचारायचे प्रश्न

बाग सुंदर दिसते, पण ऑक्टोबर छाटणीनंतर तिथे फवारण्या चालू असतात. धुकं पडलं की डावणी-भुरी या द्राक्षावरच्या रोगांच्या भीतीने शेतकरी फवारणीचा ब्लोअर बाहेर काढतो. तुमच्या लग्नासाठी तो थांबणार नाही, थांबूही नये. म्हणून मांडव बागेत घालायचा नाही, घरापुढच्या अंगणात किंवा पडीक रानात घालायचा. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी शेजारचाही मळेवाला फवारणार नाही ना, हे समक्ष जाऊन विचारा. जाताना पेढे न्या.

शेतीची वीज पाळीने येते, तेव्हा जनरेटर लागणारच. मंडपवाल्याचा टेम्पो आत वळतो का, तेही बघा. आणि स्वच्छतागृहं: सत्तर माणसांना मळेवाल्याच्या घरातलं एक पुरत नाही, दोन फिरती भाड्याने घ्या.

अवकाळी पावसाचाही विचार ठेवा. २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस निफाडकडे गारपीट झाली होती. मळ्यात पॅकिंगचं शेड असेल तर ते आदल्या दिवशी झाडून घ्या. पाऊस आलाच तर लग्न तिथे लागेल.

मांडव

उत्तरेकडून गार वारा येतो, त्या बाजूला कनात बांधा. दक्षिणेची बाजू मोकळी सोडा, थंडीतलं ऊन तिकडूनच येतं. पाहुण्यांची पाठ उन्हाकडे असू द्या. खुर्च्या आणि सतरंज्या आदल्या रात्री मांडू नका. दवाने ओल्या होतात आणि सकाळी नव्या साडीला त्या ओलीचा डाग पडतो. नवाला मांडा, सतरंजीखाली ताडपत्री घाला.

अंतरपाटाकडे कुणाचंच लक्ष जात नाही. मोकळ्या रानात तो शिडासारखा फुगतो. खालच्या कडेला काठी शिवून घ्या, नाहीतर दोघांऐवजी चौघांना धरायला लावा. आमचा दुसऱ्या मंगलाष्टकालाच नवरदेवाच्या तोंडावर गेला होता.

माइक नको. सत्तर माणसांत मंगलाष्टकं तशीच ऐकू येतात.

जेवण

थंडीत मठ्ठा कुणी पीत नाही, कढी ठेवा किंवा टोमॅटोचं सार. आल्यावर लगेच गुळाचा चहा द्या. या दिवसांत मळ्यात जे असतं तेच पानात शोभतं: वांग्याचं भरीत, मेथी, चुलीवरची बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा. सोबत मसालेभात आणि गरम जिलबी, म्हणजे लग्नाचं जेवण वाटतं. भाकरी करणाऱ्या दोन बायका गावातूनच सांगा आणि त्यांची मजुरी आधी ठरवा. तुपाचं भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायला आचाऱ्याला दोनदा सांगा. बुफे नको, पंगतच बसवा. मांडून ठेवलेलं अन्न वाऱ्यावर दहा मिनिटांत निवतं.

निघताना

उजेड असतानाच मांडवाभोवती एक चक्कर मारा. पिना, फुलांच्या तारा, प्लास्टिकचे ग्लास वेचा, दुसऱ्या दिवशी तिथे गाई-म्हशी चरणार असतात. आम्ही अंधारात निघालो आणि बरंच मागे राहिलं. सकाळी मळेवाल्याचा फोन आला: द्राक्षाच्या तारेवर तुमचा अंतरपाट अडकलाय, दवाने चिंब झालाय, वाळवून ठेवू का?