विनानांगरणी शेतीसाठी कंपनीशी करार करताना

जमिनीची कमीत कमी उलथापालथ, पिकांच्या अवशेषांचे कायम आच्छादन आणि पिकांची फेरपालट ही संवर्धित शेतीची तीन सूत्रे. महाराष्ट्रात त्यांचे परिचित रूप म्हणजे नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले सगुणा राइस तंत्र, ज्यात गादीवाफे एकदाच पाडून पुढील हंगामांत तेच वापरले जातात आणि कापणीनंतर पिकाची मुळे जमिनीतच ठेवली जातात. दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याला हे पटते. पण न नांगरता पेरणारे अवजार वेळेवर मिळत नाही, सुरुवातीला तण माजते, आणि न नांगरलेले रान पाहून भावकी नावे ठेवते. शेतकऱ्यांनी मिळून उभारलेल्या शेतकरी उत्पादक कंपनीने खासगी भागीदार शोधायचा तो यांतल्या पहिल्या दोन अडचणींसाठी. तिसरीवर शेजारच्या शेतातले उभे पीक हेच उत्तर असते.

चर्चेला बसण्यापूर्वी समोरच्याचा नफा कशात आहे, हे स्पष्ट करून घ्यावे. तणनाशक विकणाऱ्याला फवारण्या वाढलेल्या हव्या असतात, अवजार उत्पादकाला विक्री हवी असते, तर डाळ किंवा तेल गिरणीला दरवर्षी माल हवा असतो. माझी पसंती गिरणीला, कारण शेतकरी टिकला तरच तिचा पुरवठा टिकतो. सामाजिक दायित्व निधी मिळत असेल, तर तो प्रशिक्षण आणि प्रात्यक्षिकांसाठी घ्यावा. कंपनीच्या मालाच्या जाहिरातीसाठी केलेले प्रायोजकत्व २०१३ च्या कंपनी कायद्याखालील नियमांत या खर्चात धरले जात नाही, हे बैठकीत सांगायला संकोच करू नये.

अवजार प्रत्येकाने विकत घेण्याची गरज नाही. गावातल्याच एखाद्या ट्रॅक्टरमालकाला भागीदार कंपनीने यंत्र आणि चालकाचे प्रशिक्षण द्यावे, एकरी भाडे हंगामापूर्वी ठरवावे आणि पाळी कोणाची केव्हा, याची यादी चावडीवर लावावी. वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, चार दिवसांत निघून जातो आणि तेव्हाच यंत्र मोठ्या शेतकऱ्याच्या रानात अडकलेले असते. प्रात्यक्षिक स्वच्छ केलेल्या तुकड्यावर मान्य करू नये. सोयाबीनची धसकटे आणि काड असलेल्या काळ्या रानातच हरभरा पेरून दाखवायला सांगावे, फणांत काड अडकून बियाणे उघडे पडते का ते पाहावे, आणि ओळीतली माती बोटांनी उकरून दाणा ओलीत पडला आहे याची खात्री करावी.

तणाचा प्रश्न करारात स्वतंत्रपणे लिहावा. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली. त्यामुळे फवारणी कोण करणार, सल्ला कोण देणार आणि पीक जळाल्यास भरपाई कोणाची, हे आधी ठरावे. सल्ला देणारा आणि औषध विकणारा एकच माणूस नसावा.

आच्छादनाला खरी स्पर्धा जनावरांची. सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) चाऱ्यात जाणार असेल, तर ते सगळे रानातच ठेवा असे सांगणे व्यर्थ आहे. बांधावर चाऱ्याचे गवत लावण्यासाठी ठोंबांचा खर्च भागीदाराकडून मागावा आणि निदान धसकटे व पालापाचोळा रानात राहू द्यावा.

पहिल्या हंगामात प्रत्येकाने १० ते २० गुंठेच द्यावेत आणि लगतच्या नांगरलेल्या तुकड्याचा खर्च वेगळा लिहावा. जमीन सुधारायला वेळ लागतो, म्हणून करार किमान तीन वर्षांचा असावा. भागीदार कंपनीने मध्येच हात काढून घेतल्यास यंत्राची मालकी उत्पादक कंपनीकडे जाईल, असे कलम त्यात सहीपूर्वीच घालून घ्यावे.