विमानप्रवासात पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या कशा न्याव्यात

मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरा, पॉवर बँक या सगळ्यांत लिथियम बॅटरी असते. तिला मार बसला किंवा आत शॉर्ट सर्किट झालं, तर ती तापत जाऊन पेट घेते. विमानाच्या सामानकक्षात आग विझवायला हॅलॉन वायू असतो. तो ज्वाळा दाबतो, पण बॅटरीच्या पोटात चाललेलं तापणं थांबवू शकत नाही. २०१० मध्ये दुबईहून निघालेलं यूपीएस या कुरिअर कंपनीचं मालवाहू विमान लिथियम बॅटऱ्या असलेल्या मालाला आग लागून कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. केबिनमध्ये धूर लगेच दिसतो, पाणी हाताशी असतं. म्हणून पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या कायम केबिन बॅगेत ठेवायच्या, चेक-इन बॅगेत कधीच नाही.

१. बॅग भरण्याआधी पॉवर बँक उलटी करून तिच्यावरचे आकडे वाचा. वॉट-तास (Wh) लिहिले नसतील, तर एमएएचला (mAh) व्होल्टने (V) गुणून १००० ने भागा. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॉट-तास. ३०,००० ची पॉवर बँक १११ वर जाते. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा परवानगी लागत नाही. १०० ते १६० साठी विमान कंपनीला आधी विचारावं लागतं, आणि अशा सुट्या बॅटऱ्या जास्तीत जास्त दोन. त्यापुढची घरीच ठेवा. काही कंपन्यांचे नियम याहून कडक आहेत; त्यांची वेबसाइट पाहून घ्या. आकडे पुसलेली किंवा फुगलेली पॉवर बँक कितीही महागाची असली तरी नेऊ नका.

२. कॅमेऱ्याच्या, ड्रोनच्या सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावा आणि प्रत्येक वेगळ्या पिशवीत ठेवा. किल्ल्या, नाणी जवळ नकोत. ट्रिमर चेक-इन बॅगेत टाकायचाच असेल, तर पूर्ण बंद करून, बटण दाबलं जाणार नाही असा गुंडाळा.

३. सगळ्यात जास्त गफलत होते ती गेटवर. विमान लहान असलं किंवा वर जागा संपली, की कर्मचारी केबिन बॅग खाली सामानकक्षात टाकायला मागतात. घाईत आपण ती तशीच देतो. आधी पॉवर बँक काढा, मगच बॅग द्या. पॉवर बँक पहिल्यापासून बॅगेच्या वरच्याच कप्प्यात असेल तर उत्तम. अमेरिकेला मुलांकडे निघालेल्या आईवडिलांना हे आवर्जून सांगा, कारण गडबडीत त्यांना कुणी समजावत बसत नाही.

४. बसल्यावर पॉवर बँक डोक्यावरच्या रॅकमध्ये ठेवू नका, जवळ ठेवा. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात एअर बुसानच्या विमानाला आग लागली, त्यानंतर त्या देशाने रॅकमध्ये पॉवर बँक ठेवायला मनाई केली. भारतातही डीजीसीए या विमान वाहतूक नियामक संस्थेने विमानात पॉवर बँकने चार्जिंग करायला बंदी घातली आहे.

५. फोन सीटच्या फटीत पडला, तर सीट मागेपुढे करू नका. दबून बॅटरी चिरडू शकते. कर्मचाऱ्यांना बोलवा, ते काढून देतात. काही गरम लागलं, वास आला, तरी संकोच न करता लगेच हाक मारा.