पूलमध्ये क्लोरीन जास्त झालं होतं, असं उतरवलं

गंगापूर रोडला आमच्या सोसायटीचा पूल आहे, एप्रिलमध्ये चुकून एकाच दिवशी दोनदा क्लोरीनची पावडर पडली आणि पोरांचे डोळे लालभडक झाले, लेकीचा निळा स्विमसूट पार विटला. टेस्ट किटच्या नळीत फिकट पिवळा रंग यायला हवा तो चक्क नारिंगी, म्हणजे क्लोरीन 1 ते 3 पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत 1 ते 3 भाग) असायला हवं, त्याच्या कितीतरी वर. लगेच पोहणं बंद, पावडर बंद, कव्हर काढून पंप चालू ठेवला, उन्हाने क्लोरीन उडतं (स्टॅबिलायझर, म्हणजे उन्हात क्लोरीन टिकवणारं रसायन, जास्त असेल तर वेळ लागतो). क्लोरीन कमी करणारं सोडियम थायोसल्फेटही टाकलं पण अगदी थोडं थोडं, दरवेळी टेस्ट करून, कारण जास्त पडलं तर क्लोरीन शून्यावर येतं आणि शेवाळ धरतं. काहीजण म्हणाले पाणी उपसून टाका, पण भर उन्हाळ्यात एवढं पाणी ओतून द्यायला माझं मन होईना. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नळीत फिकट पिवळा रंग आला आणि मगच पोरांना उतरू दिलं.